पितृपक्षात न आलेला हिरवा ठिपका

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण कॉम्प्युटरवर कुठे हिरवा ठिपका दिसला की ती केस माझ्यासमोर येऊन बसते.

मी फार शिकलेली नाही. नवरा पोलीस शिपाई होता, काशीमीऱ्याला हायवेवर ड्युटीवर असताना ट्रकने उडवला. त्याच्या जागी मला घेतलं. दहावीसुद्धा मी नंतर बाहेरून दिली. दोन पोरं होती, रडायला वेळ नव्हता, म्हणून रडले नाही. पोलीस ठाण्यात हरवलेल्या माणसांचं रजिस्टर माझ्याकडे असायचं. कॅफेत तासावर कॉम्प्युटर मिळायचे, ते दिवस.

श्रावणात भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या एका माणसाने बायको हरवल्याची तक्रार दिली. काशीमीऱ्याच्या गोदामात सुपरवायझर होता. लग्नाला वर्ष झालेलं. आठ दिवसांनी तोच परत आला आणि साहेबांना म्हणाला, "सर, शोधू नका. जिवंत आहे ती. मजेत आहे."

त्यांच्या ज्ञातीची एक साइट होती, लग्नं जुळवायची. यांचं लग्नही तिथेच जुळलेलं. त्याने ती उघडून दाखवली. मुलीचा हसरा फोटो आणि बाजूला हिरवा ठिपका. म्हणजे ती आत्ता, या मिनिटाला, कुठेतरी बसून साइट बघतेय. साहेब म्हणाले, "सज्ञान आहे, स्वखुशीने गेली. कागद बंद करून टाका."

कागद बंद व्हायच्या आत मुलीची आई आली. भाईंदर गावातली कोळीण, पाटी खाली ठेवून माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"बाय, माझी पोर जित्ती हाय. शेजारची पोरगी दाखवते मना. पर ती घरी कां येत न्हाय?"

शेजारच्या मुलीकडून ती निरोप लिहून घ्यायची. 'घरी ये. कोण काय बोलनार न्हाय.' मी एक दिवस दुपारी तिच्याबरोबर कॉम्प्युटरसमोर बसले. तीन वाजले आणि ठिपका लागला. आमच्या डोळ्यांदेखत त्या निरोपाखाली अक्षरं उमटली, 'वाचला'. मग ठिपका विझला. उत्तर नाही.

मी तिला सांगितलं, कोणकोणत्या दिवशी येते ते लक्षात ठेवा. कोळी माणूस भरती-ओहोटीमुळे तिथीवर चालतो, तिला तारखा ठाऊक नव्हत्या. नवरात्रात आली आणि बोटं मोडत म्हणाली, "अष्टमीला आली. दशमीला आली. पितरांत पंधरा दिस आलीच न्हाय. सर्वपित्री सरली, घट बसले, नि त्याच दिवशी परत आली."

"अवसेला कधीच नाही?"

"कधीच न्हाय."

मी घरी भाकऱ्या थापताना तेच डोक्यात. मेलेलं माणूस येतं म्हणतात ते पितरांतच येतं. आणि घर सोडून पळालेली बावीस वर्षांची मुलगी कशाला पंचांग बघेल? पितृपक्ष कोण पाळतं? लग्नं जुळवणारा पाळतो.

साइट चालवणारा मुलगा इंद्रलोकलाच राहायचा, ऑफिस सांभाळून फुकटात हे काम करायचा. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, लोक पासवर्ड विसरायचे, रोज मला फोन. म्हणून आषाढात मी बाहेरच्या एका कंपनीचा तयार लॉगिन लावला. कोड त्यांचा, बटण माझ्या साइटवर. ते ओळख पटवतात, मी आत घेतो."

"म्हणजे घर तुझं आणि वॉचमन दुसऱ्याचा?"

"तसंच."

"मग तो वॉचमन कुणाला आत सोडतोय ते बघ."

त्याने रेकॉर्ड काढलं. मुलगी हरवल्यापासूनचा प्रत्येक लॉगिन त्या बटणावरून, आणि एकाच कॅफेतून. मी कॅफेचं रजिस्टर मागवलं. कोण आलं, किती वाजता, कितव्या कॉम्प्युटरवर, हे लिहून ठेवायची आम्हीच त्यांना सक्ती केली होती. बोट ठेवून एकेक ओळ जुळवली. हरवायच्या आदल्या दिवशी चार नंबरवर ती मुलगी. त्यानंतर ठिपका लागला त्या प्रत्येक दिवशी चार नंबरवर एकच नाव, सत्तरीचे एक आप्पा.

आप्पा ज्ञातीतली लग्नं जुळवायचे. चांगला दिवस बघूनच कॉम्प्युटरवर बसायचे, अवस आणि पितृपक्ष वर्ज्य. आम्हाला बघून घाबरले.

"मी मोठं बटण दाबतो आणि मुलांची यादी बघतो. वर नाव कुणाचं असतं ते इंग्लिशमध्ये, मला कळत नाही."

"आणि निरोप?"

"कुणीतरी आई लिहिते, घरी ये. चुकून माझ्याकडे येतंय वाटलं. वाईट वाटायचं हो. पण उत्तर कसं देतात ते मला येत नाही."

साइटवाला डोकं धरून बसला. साइटमधून बाहेर पडलं तरी त्या बाहेरच्या लॉगिनमध्ये माणूस आतच राहायचा, त्या कॉम्प्युटरवर. ती ओळख पुसायचं काम याने केलंच नव्हतं. त्या मुलीने शेवटचं उघडलेलं दार तसंच उघडं होतं.

म्हणजे ती मुलगी श्रावणापासून कुठेच आली नव्हती.

साहेबांनी मुलीच्या नवऱ्याला परत बोलावलं. दोन तास एकच, "पळाली, साइटवर दिसते." साहेब चहाला उठले तेव्हा मी विचारलं, "तू रोज बघायचास ना तिला?"

"बघायचो."

"आईने एवढे निरोप पाठवले. तू एकही नाही. पळालेल्या बायकोला माणूस निदान शिव्या तरी घालतो रे. तू एक शब्द लिहिला नाहीस. का?"

तो हळूच म्हणाला, "उत्तर आलं असतं तर?"

मी साहेबांना हाक मारली.

भांडणात त्याने तिचा गळा दाबला होता. तिला टाकलं ती वरसाव्याची खाडी त्यानेच दाखवली. पलीकडच्या ठाण्याच्या हद्दीत श्रावणातच एका बाईचं बेवारस प्रेत मिळालं होतं, अकस्मात मृत्यूची नोंद होती. तिची जोडवी नंतर आईने ओळखली.

त्याआधी हे आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिची रोजची आशा मीच विझवली होती. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "मंग माझं कोन वाचत होता?"

"एक म्हातारे आप्पा."

तिने पदर नीट केला. "वाचलं ना कोनीतरी," म्हणाली, आणि पाटी उचलली.

साइटवाल्याने ते बटण काढून टाकलं. मी तीस वर्षं माणसं शोधली. एवढंच शिकले की दिवा लागलाय म्हणून घरात माणूस आहे असं धरू नये, आत जाऊन बघावं. नवरा गेल्यावर वर्षभर मीही रोज दोन ताटं वाढत होते. दुसरं कुणी बंद करायला आलं नाही, मलाच करावं लागलं. त्या बाईच्या बाबतीत ते मी केलं, आणि ते बरोबर होतं. पण तीन वाजले की अजून वाटतं, तिला सांगायला आणखी एक दिवस थांबले असते.