वाऱ्यातली खुर्ची

समजा, बाविसाव्या मजल्यावरच्या गच्चीसाठी तुम्हाला एक खुर्ची निवडायची आहे. तिथला वारा असा, की वाळत घातलेली चादर समोरच्या इमारतीत पाहुणी म्हणून जाते. हलकी खुर्ची घेतली तर उडेल. जड घेतली तर जागची हलणार नाही, आणि बसणाऱ्याचा फक्त डावा हात चालतो. कोणती घ्याल?

माझ्या मावशीवर ही वेळ आली तेव्हा तिने मला बोलावलं. खानदानात इंजिनियर मी एकटाच.

मावशी बॅगा शिवते. काका घरसामान हलवायच्या धंद्यात होते. लोकांची कपाटं पाठीवर घेऊन जिने चढायचे. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, आणि बोलण्यातले ‘हो’ आणि ‘नको’ तेवढे उरले. मुलीने दोघांना आपल्या नव्या फ्लॅटवर आणलं. काका काठी टेकत गच्चीच्या दारापर्यंत जात आणि परत फिरत. बाहेर बसायला काही नव्हतं.

मी वाऱ्याचा जोर काढला, वजन काढलं आणि ओतीव लोखंडाची खुर्ची सुचवली. ती वर चढवताना दोन हमाल घामाघूम झाले. वाऱ्याने ती तसूभरही हलली नाही. माझा हिशेब बरोबर होता.

काका तिच्यावर बसले. थोड्या वेळाने ऊन तोंडावर आलं. ते उठले, डाव्या हाताने खुर्ची ओढू लागले. पुन्हा ओढली. मी धावलो, तर म्हणाले, ‘नको.’ आत गेले, ते पुढचे कित्येक दिवस दाराकडे फिरकलेच नाहीत.

‘सावलीत सरकायलाही ज्यांना हाक मारावी लागते ना, ते हाकच मारत नाहीत,’ मावशी म्हणाली. ‘बाहेर जायचंच सोडतात. चल, दुकानात.’

दुकानात तिने उजवा हात पदरात गुंडाळला आणि एकेक खुर्ची डाव्या हाताने ओढत सुटली. दुकानदार बघतच राहिला.

‘ताई, बसून तरी बघा.’

‘बसायला कुणालाही येतं हो.’

‘ही घ्या, एकदम भारी.’

‘भारीच नकोय.’

शेवटी अॅल्युमिनियमची, पट्ट्यांनी विणलेली एक खुर्ची तिला पटली. पाठीला फटी होत्या, त्यातून वारा निघून जाणार होता.

‘अगं, काका उठले की ही उडेल,’ मी म्हणालो.

‘तेवढं मला कळतं. कठडा कशासाठी आहे?’

घरी आल्यावर तिने बॅगांचा जाड पट्टा घेतला. एक टोक खुर्चीच्या पायाशी शिवून पक्कं केलं, दुसऱ्या टोकाला आकडा लावला. कठड्याच्या खालच्या नळीला मी ठिकठिकाणी कड्या बसवल्या. बसायच्या आधी आकडा कडीत अडकवायचा, जागा बदलायची तेव्हा काढायचा. पहिला आकडा हाताला कडक निघाला. काकांचा अंगठा घसरला, ते दाराकडे वळले. मावशीने आकडा बदलला.

दुसरा लागला. काका बसले, उठले, आकडा काढला, खुर्ची ओढली, पुन्हा लावला. मावशी दारातून पाहत होती. पुढे झाली नाही. ते कुठे बसणार, एवढंच तिला बघायचं होतं.

आडोशाची, उबदार जागा सोडून ते थेट कोपऱ्यावर गेले, जिथे वारा सगळ्यात जास्त. खुर्ची अशी फिरवली, की वारा लुळ्या बाजूवर यावा. आता रोज तिथेच बसतात, डोळे मिटून.

‘त्या बाजूला काही कळतं का, विचार ना त्यांना,’ मी म्हणालो. ‘हो-नको तर सांगतील.’

‘नको म्हणाले तर?’ मावशीने सुईत दोरा ओवता ओवता कोपऱ्याकडे पाहिलं. ‘पण मला सांग, तुझ्या शास्त्रात काही असेल तर. त्या बाजूला वारा लागलेला कळत असेल का रे त्यांना?’