राजकन्येचा आवाज

किर्गिझस्तानातल्या आमच्या नारीन गावात शेजारची बुरुलचा नावाची बाई शाळेत स्वयंपाक करायची. तरुणपणी तिनं एका परीकथेच्या कार्टून सिनेमात राजकन्येची गाणी गायली होती. तीस वर्षं झाली, तरी तो सिनेमा दर नौरोजच्या सणाला टीव्हीवर लागतो आणि पोरं हलत नाहीत. कुणी "मावशी, गा ना" म्हटलं की ती खेकसायची, "आधी ताटातलं संपव!" कधीच गायली नाही.

मागच्या महिन्यात तिचा मुलगा मॉस्कोत बांधकामावरून पडून मेला. प्रेत घरी आणलं, अंगणात लोकरीच्या जाड नमद्याचा तंबू उभारला. रिवाजाप्रमाणे बुरुलचा आत दाराकडे पाठ करून बसली आणि लेकाचं शोकगीत गाऊ लागली. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच होता, कोवळा.

गल्लीतली पोरं खेळ टाकून तंबूबाहेर आम्ही बसलो होतो तिथं धावत आली. "राजकन्या गातेय! राजकन्या!"

"निघा मेल्यांनो!" म्हणत मी उठले, तर सगळ्यांत पुढे माझीच नात.

"गप ना आजी, ऐकू दे."

आत बुरुलचानं शेवटची ओळ लेकाचं नाव घेऊन संपवली. बाहेर पोरांनी टाळ्या वाजवल्या.