पायातली जोडवी

माझ्या पायाला काही कळत नाही हे मला जावेनं सांगितलं तेव्हा कळलं. आम्ही दोघी शेतातून येत होतो. मी पुढं, ती मागं. ती एकदम ओरडली, "अगं ये अक्का, चप्पल काय शेतात नांदायला ठेवून आलीस?"

खाली बघते तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. कुठं गळाली कुणास ठाऊक. बाभळीच्या काट्यांतून मी तशीच चालत आले होते. जाऊ पोट धरून हसली, मीही हसले. घरी येऊन टाचेतला काटा सुईनं काढला. दुखलं नाही म्हणून बरंच वाटलं.

साखर मला त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पहिल्यांदा गोळ्या होत्या, मग इंजेक्शन लागलं. आमच्यात फ्रीज नाही. इंजेक्शनची बाटली पिशवीत गुंडाळून लहान मडक्यात ठेवते आणि ते मडकं माठाशेजारी ओल्या वाळूत. पोटाला टोचायचं तर लुगडं सारावं लागतं, म्हणून न्हाणीत जाऊन दार लावून घेते. टोचल्यावर लगेच खावं लागतं. पण घरातली माणसं जेवायची असताना सुनेनं आधी ताट घेऊन बसायचं हे मला कधी जमलं नाही. चुलीकडं तोंड करून रात्रीच्या भाकरीचा तुकडा चावते आणि कुणी आलं की तो पदराखाली धरते. सासूबाई काही म्हणत नाहीत. त्यांनी बघितलेलं असतं, हे मला माहीत आहे.

आमच्या मालकांचं दुखणं वेगळं. त्यांना आधी बीपी होतं, मग त्यातूनच किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा धाराशिवला मशीनवर रक्त साफ करायला जावं लागतं. एसटीत मी त्यांची पिशवी घेऊन शेजारी बसते. दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात असतात. मी चौथी शिकले, म्हणून गोळ्यांवरची नावं मीच वाचते आणि त्यांच्या हातावर ठेवते. ते म्हणतात, "आपल्या दोघांच्या गोळ्या पेरल्या तर एकरभर उगवून येतील बघ." हे ते पाहुण्यांनाही सांगतात. पाहुणे हसतात आणि चहा बिनसाखरेचा का म्हणून विचारतात.

माझ्या पायांना सूज यायला लागली ते मालक दवाखान्यात भरती होते तेव्हा. त्यांना धाप लागली होती, अंगात पाणी झालं होतं. मशीन त्यांना तेव्हाच लागलं. माझी जोडवी बोटांत रुतायला लागली होती. गावात फिरणारी आशाताई घरी आली तेव्हा तिनं पाय बघितला आणि म्हणाली, "आजच्या आज काढा ही. साबण लावा, न्हायतर सोनाराकडून कापून घ्या."

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नवरा तिकडं नळ्या लावून पडलाय, अन् तू हिकडं जोडवी काढती व्हय गं?"

आमच्यात बांगडी काय, जोडवं काय, सवाष्णीनं नुसतं काढून ठेवत नाहीत. दुसरं घालूनच जागचं उठायचं असतं. दुसरं घालायचं तर तालुक्याला वाशीच्या बाजारात सोनारापुढं पाय धरून बसायला हवं, आणि एवढ्या सुजल्या बोटात दुसरं जाणार तरी कसं? सासूबाईंनी अडवलं असं मी म्हणणार नाही. मला स्वतःलाच भीती वाटली. मी इथं काढीन आणि तिकडून काही निरोप येईल, असं सारखं मनात यायचं. म्हटलं, ते घरी येऊ देत, मग बघू.

ते आले. वाळून काटकी झाले होते, पण आले. सासूबाईंनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझ्या पायांकडं बघून त्या म्हणाल्या, "बघ, उगं काढली न्हाईस तेच बरं केलंस." मलाही तसंच वाटलं. जोडव्यांनीच त्यांना परत आणलं असं वाटलं. मग बाजारात जायचं राहून गेलं.

काही दिवसांनी मालक बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "अगं, घरात उंदीर मेलाय कुठंतरी. वास येतोय."

मी ज्वारीचे पत्र्याचे डबे सरकवले. कणगीमागं बघितलं, अंथरुणं झटकली. जाऊ आली, तीही वाकून वाकून शोधायला लागली. सासूबाई म्हणाल्या, वर माळवदाच्या मातीत मेला असंल. आम्ही सगळं घर उलथून काढलं. उंदीर काही सापडेना. मी बाजेजवळ गेले की मालक म्हणायचे, "आता जास्त येतोय बघ." लांब गेले की म्हणायचे, "आता कमी झाला."

मग ते उठून बसले. माझ्या पायाकडं बघत राहिले. म्हणाले, "हिकडं ये. पाय वर घे."

डाव्या पायातलं जोडवं दिसतच नव्हतं. त्याच्यावर मांस आलं होतं आणि खालून पाणी गळत होतं. अंगठ्याशेजारचं ते बोट शेंड्याकडून काळं पडलेलं. मी रोज त्या पायावर चालत होते, धुणं धूत होते, त्याच पायावर बसून भाकरी थापत होते.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. मी लुगडं घोट्यावर धरून बसले, वर घेईना. ते म्हणाले, "मावशी, मला तुमचा पाय बघायचाय. तुम्हाला इतके दिवस कळलं नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग ते म्हणाले, "जोडवं कापावं लागेल. बोटही ठेवता येणार नाही."

मी मालकांकडं बघितलं. ते भिंतीला टेकून उभे होते, उभं राहायची ताकद नसताना. म्हणाले, "कापा, साहेब." जोडव्याबद्दल म्हणाले की बोटाबद्दल, ते मी त्यांना अजून विचारलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्या पायाच्या तिसऱ्या बोटात काळा दोरा बांधला. जोडव्याच्या जागी काहीतरी असावं म्हणून. संक्रांतीला शेजारी हळदीकुंकवाला गेले, तर बायकांनी आधी माझ्या पायाकडं बघितलं आणि मग कपाळाकडं. एकजण कानात बोलल्यासारखी मोठ्यानं बोलली, "मालक हायत गं तिचे, हायत." मी वाण न घेताच घरी आले. तेव्हापासून जात नाही.

जखम भरली नाही. पट्टी बदलायला जात राहिले. डॉक्टर तळव्याला एक बारीक तार टेकवून विचारायचे, "कळतंय का?" मी त्यांचा हात बघून हो म्हणायचे. एकदा त्यांनी डोळे मिटायला सांगितलं. मी तार टेकायची वाट बघत बसले, डोळे उघडले तर ते तार पुसून ठेवत होते. परवा त्यांनी सांगितलं, काळं वर चढलंय, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. सोमवारी बोलावलंय. येताना अंगावर काही धातू ठेवू नका, दुसऱ्या पायातलंही काढून या, म्हणाले. मी पडून राहिल्यावर मालकांना मशीनवर कोण नेणार, हे अजून ठरलेलं नाही. जाऊ म्हणते, बघू. सगळेच बघू म्हणतात.

आज दुपारी मालकांनी तांब्या आणि साबण घेतला आणि माझ्यापुढं खाली बसले. सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या. "माझ्या म्होरं नको," म्हणाल्या आणि सूप घेऊन जावेच्या घरी गेल्या.

मालकांनी उजवा पाय मांडीवर घेतला. मला लाज वाटली. म्हटलं, "सोडा की, मी काढते."

"तुला वाकता येतंय व्हय? गप बस."

साबण लावून ते जोडवं फिरवत राहिले. मी मान वळवून माठाकडं बघत होते. मडक्याभोवतीची वाळू सुकली होती, पाणी घालायला हवं होतं.

"दुखलं का?" त्यांनी विचारलं.

"काढा आधी," मी म्हटलं.

"काढलं की कवाच."

मी बघितलं. जोडवं त्यांच्या तळहातावर होतं. बोटावर खोल वळ होता, आणि वळाच्या कडेला हरभऱ्याएवढं काळं.