रुंद दाराची केबिन

माझ्या साडूंना आयुष्यात कधी कशाची लाज वाटली नाही, आणि त्यांच्या वाट्याची जी काही होती ती सगळी गेली कित्येक वर्षं मीच वाहतो आहे. चारचौघांत माझी मान खाली गेली की समजावं, साडू जवळपास आहेत. नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुलगावात त्यांचं कापडाचं दुकान आहे. आता गल्ल्यावर मुलगा बसतो, पण दुकानात कमावलेला आवाज ते घरी घेऊन आले आहेत. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला ते मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं सांगतात, "ही साडी कुठून घेतली? फसवलं तुमाले, रंग जाते हिचा." डॉक्टरांनी छातीला नळी लावली की आधी डॉक्टरांनाच विचारतात, "तुमची सोताची तब्येत कशी राह्यते?" केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो, तेव्हा पुढच्या माणसाचा नवस लांबला म्हणून यांनी मागून हाळी दिली, "थोडक्यात मांगा ना भाऊ, त्याले समजते!" तो माणूस माझ्याच शाळेतल्या एका मुलाचा बाप निघाला. मी वर्ध्यात मास्तर आहे, त्यामुळे जिल्ह्यात कुठेही गेलो तरी कुणाचा ना कुणाचा बाप निघतोच, आणि तो नेमका साडू बरोबर असतानाच निघतो.

ताईचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, पाय मणक्याच्या दुखण्यानं गेले. ऑपरेशन झालं, मालिश झाली, ज्यानं त्यानं सुचवलेली तेलं झाली, पण पायांत जोर काही आला नाही. मग परदेशातल्या मुलीनं बॅटरीवर चालणारी, बसून फिरायची गाडी पाठवली. चार जाड चाकं, उंच पाठ, पुढे हँडलला टोपली आणि बारीक आवाजाचा हॉर्न. साडूंनी आधी स्वतःच तिच्यावर बसून हॉर्न वाजवत बाजारातून एक फेरी मारली, आणि ओळखीचा दिसेल त्याला थांबून "तुमच्या वहिनीची गाडी हाये, मी फक्त पाहून राह्यलो" असं सांगितलं. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार पडला. आणि तेव्हापासून त्यांना दारं मोजायचा नाद लागला. दुकानातली कापड मोजायची लोखंडी पट्टी घेऊन ते कुठेही शिरू लागले. हिंगणीला आमच्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे जेवणाच्या हॉलच्या उंबऱ्याशी ओणवे होऊन माप घेत होते. दार नेमकं नवरदेवाच्या मागेच असल्यामुळे निम्म्या अक्षता यांच्या टकलावर पडल्या. नागपूरला एका चकचकीत हॉटेलात ते थेट काउंटरवर गेले आणि म्हणाले, "मले राह्याचं नाई. फक्त संडास पाहाचा हाये." काउंटरवरच्या मुलानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं चित्र बघायला लागलो. ते चित्र मला अजून पाठ आहे.

बोटीचं खूळ ताईच्या एका वाक्यातून निघालं. मागे ते दोघं कोकणात मुलीच्या सासरी गेले होते, तिथे गाडीची चाकं वाळूत रुतली आणि ताईला पाणी लांबूनच पाहावं लागलं. ती फक्त एवढंच म्हणाली की, समुद्र जवळून पाहायचा राहिला. साडूंनी यावर बराच विचार केला आणि मला फोन करून निष्कर्ष सांगितला. "मास्तर, काठावर रेती. रेतीत गाडी फसते. मंग समुद्राच्या आतच गेलं पाह्यजे. बोटीवर सारी फरशी एका पातळीत राह्यते." मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटीची त्यांनी चौकशी लावली. ताईनं एकच अट घातली. "कोनी मले उचलून न्याचं असन, तर मी येत नाई." सासरच्या लग्नकार्यांत दोन-तीनदा तिला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवलं होतं. चार पुरुषांच्या हातांवर, साडी सावरत, लोकांच्या नजरा चुकवत वर जाणं तिला पुन्हा नको होतं. साडूंनी ती अट डोक्यात पक्की बसवली.

नागपूरच्या बुकिंगच्या ऑफिसात फोनवर एक मुलगी होती. तिला साडूंनी जे विचारलं नाही असं त्या बोटीत काही उरलं नसेल. लिफ्टचं दार, बाथरूमचा उंबरठा, नळाची उंची, पलंगाखाली मोकळी जागा, गाडीची बॅटरी कुठे चार्ज करायची. त्यातून कळलं ते असं की, साध्या केबिनच्या दारातून गाडी आत जात नाही आणि बाहेर बोळीत ती ठेवू देत नाहीत. रुंद दाराच्या, सपाट बाथरूमच्या केबिनी असतात, पण अख्ख्या बोटीत थोड्याच. तशी एक मिळाली तर ताई स्वतःच्या गाडीवर बसून पलंगापासून डेकपर्यंत जाणार, नाही तर कुणीतरी उचलणार. साडूंनी माझ्याकडूनच शाळेचे खडू मागवले आणि अंगणात ती केबिन आखली. भिंती झाल्या, दार झालं, बाथरूम झालं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पलंगाला उंची हवी. "मास्तर," ते अदबीनं म्हणाले, "तुमी पलंग व्हा." मी झालो. अंगणात आडवा पडून मी आकाश बघत होतो आणि ताई माझ्या पायाशी गाडी वळवत होती. फाटकाबाहेर माणसं जमली. त्यांतला एक म्हणाला, "नमस्कार सर." मीही पडल्या पडल्या नमस्कार केला.

सगळं ठरत आलं तेव्हा त्या मुलीचा फोन आला. साडू फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. ओसरीवर शेजारचे दोघं-तिघं चहाला बसले होते, मी होतो, ताई आत स्वयंपाकघरात होती. मुलीनं नाव विचारलं, वय विचारलं, गाडीचं वजन विचारलं आणि मग सहज विचारलं, "अंकल, आंटी बिल्कुल नहीं चल पातीं, या थोड़ा-बहुत चल लेती हैं?"

इतकी वर्षं सगळ्या जगाला नको ते विचारणारा हा माणूस या प्रश्नावर थांबला. एकदा शेजाऱ्यांकडे पाहिलं, एकदा आतल्या दाराकडे. मग म्हणाले, "नाई नाई, चलती है ना. थोड़ा थोड़ा चलती है. वैसा कुछ नहीं."

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे आजाऱ्याची चौकशी केली की "आता बरं आहे" हेच उत्तर असतं. माणूस सलाईनवर असला तरी घरचे दाराशी येऊन "फरक आहे" म्हणतात, आणि विचारणाऱ्यालाही तेच ऐकायचं असतं. ताई आता चालणार नाही, हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलंच नव्हतं. गाडीसुद्धा सगळ्यांच्या बोलण्यात 'पाय सुधरेपर्यंत' होती. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या आणि चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी मी तिथेच होतो. मुलीचा पुन्हा फोन आला. केबिन मिळाली होती, पण साधी. आंटी थोडं चालतात, म्हणजे गाडी खाली सामानात ठेवता येईल, असं ती म्हणाली. रुंद दाराची आता एकच उरली आहे आणि ती ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांच्यासाठी राखलेली आहे, दुसऱ्या कुणीतरी मागितली आहे. साडूंचा दुकानातला आवाज चढला. त्यांनी दारांचे इंच सुनावले, बोटीच्या कप्तानालाही मध्ये ओढलं. मुलगी शांतपणे म्हणाली, "अंकल, आपने ही तो बोला था."

 साडू कानांपर्यंत लाल झाले. फोन गुडघ्यावर ठेवून ते अंगणातल्या खडूच्या रेघांकडे बघत राहिले. या माणसाला एकदा तरी लाज वाटावी अशी मी किती वर्षं मनोमन प्रार्थना केली होती. ती वाटलेली पाहिली आणि माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना. "काऊन असं सांगितलं, भाऊ?" मी हळूच विचारलं.

"लोकं बसले होते, मास्तर," ते म्हणाले. "अन् ते आत होती. तिच्या कानावर कसं घालू?"

ताईची गाडी आतून ओसरीवर आली. तिनं हात पुढे केला, साडूंनी फोन दिला. "पोरी, मीच बोलून राह्यली," ताई म्हणाली. "मले चालता येत नाई. एक पाऊलबी नाई. अन् पुढं येईन असंबी नाई. ते रुंद दाराची खोली आमाले दे."  मग ती मुलगी मराठीत म्हणाली, "हो काकू. थांबा, मी आत्ता बोलते बोटवाल्यांशी."

फोन धरून आम्ही तिघं थांबलो होतो. ताई साडूंना म्हणाली, "डॉक्टरनं मले तवाच सांगतलं होतं. तुमी खचून जासान म्हणून मी बोलली नाई."

साडूंनी मान वर केली नाही. "मलेबी त्यानंच सांगतलं," ते म्हणाले.

केबिन मिळाली. दिवाळीनंतर ते दोघं जाऊन आले. ताई सकाळ-संध्याकाळ डेकवर कठड्याला गाडी लावून बसायची, कुणी उचलायला आलं नाही. साडूंनी बोटीची निम्मी दारं मोजली आणि एका दारातून चुकून कुणा नवविवाहितांच्या खोलीत गेले. हे त्यांनी परतल्यावर भर बाजारात, माझा हात धरून, हसत हसत सांगितलं. मला नेहमीप्रमाणे कुठे तोंड लपवावं असं झालं.

पण तेवढ्यात समोरून आलेल्या एका ओळखीच्यानं थांबून विचारलं, "काय म्हणते वहिनींची तब्येत? पाय बरे हाये ना आता?" साडूंचं हसणं थांबलं. "नाई," ते म्हणाले, "तिले चालता येत नाई. येणारबी नाई." आवाज इतका खाली गेला होता की त्या माणसाला ऐकूच आलं नाही. त्यानं कान पुढे करून "आं?" म्हटलं, आणि साडूंना ते पुन्हा सांगावं लागलं.