मूल शांत आहे
आमच्या पाळणाघरातल्या मावशींनी बावीस वर्षांत एकाही मुलाला रडत ठेवलं नाही. पिटुकली आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. बोलत नव्हती, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तरी डोकं फरशीवर आपटून घ्यायची. मावशी तिला मांडीवर घेऊन तिच्या कानांवर तळवे धरायच्या. उरलेली अकरा पोरं मी एकटी सांभाळायचे.

पिटुकलीसाठी वेगळी मदतनीस मिळावी म्हणून आम्ही अनुदानाचा अर्ज केला. तपासायला अनुदान खात्याच्या मॅडम आल्या. मावशींनी सवयीने पोरीला मांडीवर घेतलं. मॅडमनी अर्धा तास बघितलं आणि लिहिलं, 'मूल शांत आहे. मदतीची गरज नाही.'

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. "शांत आहे म्हणे! आणि माझी मांडी या बाईला दिसलीच नाही?"

फेरतपासणीच्या दिवशी पिटुकलीची आई हात जोडून म्हणाली, "मावशी, आज तिला घेऊ नका."

मॅडमनी बसायला खुर्ची ओढली. पिटुकली दोन्ही हात वर करून मावशींकडे धावली. मावशी हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पोरीने डोकं आपटलं, पुन्हा आपटलं. मॅडम लिहीत होत्या.

आग लागो त्या कागदाला! मदत मंजूर झाली. मदतनीसही चांगली मिळाली.

पण आता खुर्ची सरकली की पिटुकली स्वतःच स्वतःच्या कानांवर हात ठेवते. मावशींकडे ढुंकूनही बघत नाही.