तळमजल्यावरचा भाजलेला बटाटा

उकडलेल्या बटाट्याला आयुष्यात एकदाही माफ न केलेला असा मी एकच माणूस पाहिला, आमच्या तळमजल्यावरचे अंकल. उमेळे गावाच्या बाजूला नव्यानेच उभ्या राहिलेल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या बरोबर खाली राहायचे. तीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाकी म्हणून काढलेली, बायको वारलेली, मूलबाळ नाही. जमिनीवर आल्यालाही बरीच वर्षं झाली होती, पण हे वर्तमान त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसावं. स्वयंपाकघराला ते गॅली म्हणत, कपबशा लाटेने घसरू नयेत म्हणून फळीला कडेने पट्टी ठोकलेली होती, आणि शेजाऱ्यांना नावं असतात हे त्यांनी कधी मान्यच केलं नाही. मी त्यांच्या लेखी "पहिला माळा" होतो. "ओ पहिला माळा, आहात का?" अशी हाक खिडकीतून आली की माझी बायको म्हणायची, "जा, कप्तान बोलावतोय."

दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर ते बटाटे भाजत. सालीसकट, अख्खे, परदेशातून आणलेल्या काचेच्या दाराच्या ओव्हनमध्ये. नवा बटाटा त्यांना चालत नसे, त्यात पाणी फार. जुना, इंदूरचा, मुठीपेक्षा मोठा आणि सगळे एका मापाचे, म्हणजे एकाच वेळी होतात. भाजीवाली त्यांना लांबून पाहिल्यावर टोपलीच पुढे सरकवायची आणि म्हणायची, "घ्या, लग्न लावा एकेकाचं." धुतलेला बटाटा ते फडक्याने पुसून वर अर्धा तास पंख्याखाली ठेवत. मग काट्याने टोचायचा, तेलाचा हात लावायचा, जाडं मीठ चोळायचं आणि थेट जाळीवर ठेवायचा. खाली ताट नाही, भोवती चांदीचा कागद तर नाहीच. एकदा मी कागदाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू देवळात चपला घालून शिरलो होतो. "कागदात गुंडाळला की तो स्वतःच्या घामात उकडतो. मग भाजला कशाला म्हणायचं?" सव्वा तास दार उघडायचं नाही. बाहेर काढला की लगेच फुलीसारखी चीर द्यायची आणि चारी बाजूंनी दाबायचं. "वाफ आत राहिली तर बटाटा रडतो," असं ते म्हणत. त्या चिरेतून पांढराशुभ्र, पिठूळ गर फुलून वर यायचा, त्यावर लोणी, आणि साल पापडासारखी कुरकुरीत. मी माझ्या आईच्या हातचं सोडून कशालाही एवढं चांगलं म्हणालेलो नाही.

या बटाट्यामागे एक दुखणं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांचा थोरला भाऊ वटार गावात वाडी सांभाळून होता. आई गेली तेव्हा अंकल भर समुद्रात होते. बातमी पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. ते परत आल्यावर थोरला सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला होता, "आई इथे वाट बघत गेली, आणि हा तिकडे गोऱ्यांना बटाटे भाजत बसला होता." त्यानंतर अकरा वर्षं दोघं एकमेकांच्या घरी जेवले नव्हते. शेवटी चर्चच्या दारात कोणा भाचीने दोघांना समोरासमोर उभं केलं आणि थोरल्याने एका रविवारी जेवायला येतो म्हणून सांगितलं. अंकलनी खायला काय करायचं ते त्या क्षणीच ठरवलं असणार. ज्या बटाट्यावरून ऐकून घेतलं, तोच त्याच्या पानात वाढायचा.

ती विजेच्या भारनियमनाची वर्षं. अंकलनी वेळापत्रक पाहून दुपारची वेळ नक्की केली होती. चार बटाटे ओव्हनमध्ये गेले आणि अर्ध्या तासात फोन वाजला. थोरला बस स्टँडवर उतरला होता आणि बिल्डिंग सापडणार नाही म्हणत होता. "सापडते त्याला," अंकल शर्ट बदलत म्हणाले, "न्यायला यावं असं वाटतंय." मला हाक मारून खाली बोलावलं होतं, ओव्हनसमोरच्या खुर्चीत बसवलं. "पहिला माळा, फक्त बघत बसा. दाराला हात लावू नका." त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

ते गेले आणि दहाव्या मिनिटाला लाइट गेली.

ओव्हनमधला लाल दांडा विझताना मी पाहिला. पाच मिनिटं थांबलो. पंधरा थांबलो. वेळापत्रकाबाहेर गेलेली लाइट कधी येणार, कोणाला विचारणार? आत चार बटाटे आणि स्टँडवरून निघालेली अकरा वर्षं. माझ्याने राहवेना. दार उघडलं, काटा खुपसला, मध्ये कच्चा. सगळी धग माझ्या तोंडावर येऊन निघून गेली. मी वर धावलो. बायको म्हणाली, "कुकरला लावा, दोन शिट्ट्या. कोण ओळखतंय?" हे बोलणं तिचं, पण चारही बटाटे परातीत घेऊन जिना चढलो तो मी. दोन शिट्ट्या होईपर्यंत मी तीनदा गॅलरीतून रस्ता पाहिला. मग ते पुसले, तव्यावर लोळवून जरा डाग पाडले आणि जाळीवर नेऊन ठेवले. दार लावलं तोच लाइट आली. फाटकात दोघांचे आवाज ऐकू आले.

त्यांनी मलाही जेवायला बसवलं. अंकलनी फडक्याने पहिला बटाटा उचलला आणि त्यांची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पाण्याचा तांब्या उचलला, उगीचच. त्यांनी चीर दिली, दाबलं. गर फुलला नाही. साल तेवढी ओल्या बनियनसारखी सुटून आली.

थोरल्याने घास घेतला, चावला. ते दोघं आपल्या घरच्या बोलीत बोलत, ती मला अर्धीच कळायची. पण हे कळलं.

"हा तर उकडलेला आहे रे."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात अंकल म्हणाले, "बिघडला. मला कधी नीट जमलाच नाही."

"जमलाच नाही? तीस वर्षं?"

"नाही."

"मग तिकडे गोरे खायचे काय?"

"उपाशी मरायचे."

थोरला हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, अंकलनी पाठीवर थाप मारली, आणि तो हात तिथेच राहिला. त्याने दुसरा बटाटा मागून घेतला. निघताना म्हणाला, "पुढच्या रविवारी वाडीत ये. वाळक्या पानांचा पातेरा पेटवून रताळी भाजतो. बघ आणि शीक."

संध्याकाळी मी खाली गेलो. अंकल ओव्हनची जाळी घासत होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "कुकर?"

"हो."

"किती शिट्ट्या?"

"दोन."

"एक पुरली असती." बराच वेळ घासत राहिले. "लाइट गेली तर दार बंद ठेवायचं. आतली धग तासभर राहते, हळूहळू का होईना, होतो तो. हे सांगायला मी विसरलो."

मी माफी मागायला लागलो, वटारला जाऊन थोरल्याला खरं सांगतो म्हणालो. तेव्हा मात्र ते रागावले. "अजिबात नाही. इतकी वर्षं माझ्यावर चिडून तो थकला होता. आज त्याला हसायला मिळालं. ते काढून घेऊ नका."

पुढे दर रविवारी ते वाडीवर जाऊ लागले, आणि दोन वर्षांनी राहायलाच गेले. ओव्हन तेवढा बिल्डिंगमध्येच कोणाला तरी देऊन टाकला. भावापुढे त्यांनी पुन्हा कधीच बटाटा भाजला नाही, हे मला थोरल्याकडूनच कळलं, अंकलना माती दिली त्या दिवशी. अंगणात माणसं बसली होती आणि थोरला प्रत्येकाला तेच सांगत होता, की एवढा बोटीवरचा स्वयंपाकी, पण साधा बटाटा भाजता येत नव्हता हो माझ्या भावाला. सांगताना हसत होता आणि डोळे पुसत होता. मग मला पाहून म्हणाला, "हे वरच राहायचे त्याच्या. तुम्ही सांगा, कधी तरी जमला का त्याला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती कुरकुरीत साल, तो फुललेला गर माझ्या जिभेवर होता.

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही."

थोरल्याने समाधानाने मान हलवली आणि मला आपल्या शेजारी जागा करून दिली.