सव्वीस पेट्यांची वाट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पक्ष्यांची अंडी खाणाऱ्या उंदरांसाठी त्या डोंगरवाटेवर लावलेले सापळे तपासायचं काम तीन वर्षं माझ्याकडे होतं. सव्वीस पेट्या, प्रत्येकीत एक सापळा. पहिला दिवस सोडला तर मी एकाही पेटीत उंदीर मरू दिला नाही, आणि दर पंधरा दिवसांनी फोनवरच्या यादीत सव्वीस वेळा शून्य भरलं.

आम्ही राहतो त्या टौरंगा शहरातून गाडीने पाऊण तास गेलं की एक लाकडी फाटक लागतं. त्यावर हल्ली पिवळी पाटी आहे: या वाटेची देखभाल केली जात नाही, आपापल्या जबाबदारीवर जा. गेल्या महिन्यात, ज्याने हे काम मला दिलं त्या म्हाताऱ्याबरोबर तिथे उभा राहिलो तेव्हा ती पाटी वाचून माझं डोकं फिरलं. देखभाल केली जात नाही म्हणे. कोण करत नाही, ते मात्र लिहिलेलं नाही.

फाटकापलीकडे गॉर्स माजलं होतं. हे पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप लांबून छान दिसतं आणि जवळ गेलं की पँटमधून मांडीत घुसतं. त्याच्या आत ब्लॅकबेरीच्या वेली. वाट मधेच पाण्याने खरवडून ढोपरभर खोल झालेली. मी एका पायावर तोल सावरत होतो, आणि पुढे ऐंशीच्या घरातला माणूस दोन काठ्या टेकत निवांत चालला होता, दर दहा पावलांवर थांबून मला दगड दाखवत होता.

"हा बघ. हा आजोबांच्या टोळीने बसवलेला."

"बघितला."

"नाही, तू काटे बघतोयस. दगड बघ."

त्याचे आजोबा इथे पाइनच्या लागवडीवर मजूर होते. तंबूत राहायचे, दिवसभर रोपं लावायचे. पण रोपं वर न्यायची तर घोडी हवीत आणि घोड्यांना वाट हवी, म्हणून लागवडीआधी त्यांनीच कुदळ-फावड्याने ही वाट खणली. चढ घोड्याच्या हिशोबाने ठेवलेला, कुठेही दम लागू नये असा. आणि ठरावीक अंतरावर वाटेला आडवे दगडी चर, पावसाचं पाणी दरीत सोडायला. चर साफ असले की वाट टिकते. एक तुंबला की पाणी वाटेवरूनच धावतं आणि सगळं धुऊन नेतं. मजुरांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. हे चर तेवढे आहेत.

हे सगळं मी त्याच्याकडून शंभरदा ऐकलंय, बहुतेक वेळा फार्मसीच्या काउंटरवर. मी फार्मासिस्ट आहे आणि तो दर तीन महिन्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतो. अशाच एका खेपेला त्याने विचारलं होतं, "मेट," म्हणजे दोस्ता, "माझं कंबरेचं हाड आता चढू देत नाही. पेट्यांची लाइन तू बघशील का? चालताना पायाने चरातला पाला तेवढा काढायचा."

वयाने मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, असं आमच्या घरात होतं. पन्नाशीला आलो तरी मला ते जमत नाही. मी हो म्हणून बसलो.

घरी बायको हसत सुटली. "झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा माणूस उंदीर मारायला निघालाय."

"मारायचे नाहीत गं. तपासायचेत फक्त."

"मग मारतं कोण?"

"सापळा."

"वा. म्हणजे शील मोडणार सापळ्याचं. तू आपला पहिल्यासारखाच स्वच्छ."

आमच्या घरी रोज सकाळी पंचशील म्हणायची पद्धत आईने लावली होती, ती मी इथेही चालू ठेवलीय. पहिलं शील, जीवहिंसा करणार नाही. पहिल्या दिवशी म्हाताऱ्याने फाटकाजवळच्या पेटीचं झाकण उघडलं, आत उंदीर चिरडलेला होता. त्याने तो शेपटीने उचलून नेच्यांमध्ये भिरकावला आणि पेटीत आमिष म्हणून पीनट बटरचं बोट लावलं. "कळलं ना? सोपं आहे." मी मान डोलावली, आणि वळणाआड जाऊन ओकलो.

त्यानंतर मी एकटाच जायचो. झाकण उघडायचो, काठीने सापळा फटकन पाडायचो, म्हणजे तो मिटून निकामी व्हायचा, झाकण बंद. चर मात्र इमानदारीने साफ करायचो. पीनट बटरची बरणी गाडीतच पडून राहायची. मुलीने ती टोस्टला लावून संपवली. मनाशी म्हणायचो, मी शील पाळतोय. खरं सांगायचं तर शील नंतर सुचलं. आधी किळस होती, आणि किळस आली हे त्या माणसाला सांगायची लाज. आणि चौथं शील, खोटं बोलणार नाही, तेही मी रोज सकाळी म्हणतच होतो.

तीन वर्षांनी काय झालं असेल ते कुणालाही कळेल, मलाच कळलं नाही. त्या जंगलाचं बघणाऱ्या ऑफिसातून पत्र आलं: या लाइनवर सतत शून्य आहे, अभिनंदन, आता पेट्यांची गरज दुसरीकडे जास्त आहे. पेट्या उचलून नेल्या. पेट्या नाहीत म्हणून माझी फेरी बंद. फेरी बंद म्हणून चर तुंबले. दोन पावसाळी हिवाळे गेले आणि वाट वाहून गेली. मग पाटी लागली. आता ऑफिस वाट नकाशावरूनच काढायच्या विचारात आहे, आणि म्हातारा ते थांबवण्यासाठी पत्र लिहितोय. त्यासाठीच त्याने मला गेल्या महिन्यात बरोबर नेलं होतं. साक्षीदार म्हणून.

अर्ध्या चढावर एक सपाट जागा आहे, मजुरांच्या तंबूंची. तिथे तो थांबला आणि बुटाच्या टाचेने माती उकरली. पूर्वी एवढं केलं की रॉबिन यायचा. राखाडी, काडीसारख्या पायांचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. माणसाला न घाबरता बुटाशेजारी उतरून उकरलेल्या मातीतले किडे टिपायचा. एकदा तर माझ्या बुटाच्या नाडीवर बसला होता.

आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझ्या पोटऱ्या काट्यांनी चुरचुरत होत्या आणि हा माणूस चर्चमध्ये उभं राहावं तसा टोपी काढून उभा.

"चला आता," मी म्हटलं. "नाही येत तो."

"अंडी घालायचे दिवस आहेत. यायला हवा."

त्याने पुन्हा माती उकरली. मी मनात म्हटलं, अरे बाबा, किती उकरशील. तेवढ्यात समोरच्या ओंडक्यावरून एक उंदीर, चांगला लठ्ठ, सावकाश चालत गेला. घाईसुद्धा केली नाही त्याने.

मला वाटलं, आता तरी हा विचारेल. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगतो.

म्हातारा उंदराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नवीन आलेले दिसतात. पेट्या नेल्यावर."

"हो," मी म्हटलं.

"तू होतास तेव्हा एक नव्हता. तीन वर्षं शून्य. माझ्या वेळी दर फेरीला पाच-सहा मिळायचे, पण तू कसून केलंस." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पत्रात ते मी लिहिलंय. तू फक्त खाली सही कर. फार्मासिस्टचा शब्द ऑफिसवाले मानतील."

उतरताना तो घसरला, मी दंड धरला. चिडून म्हटलं, "पाण्याची गोळी घेतलीत ना आज? खरं सांगा."

तो ओशाळला. "नाही घेतली. वाटेत सारखं लघवीला जायला लागतं."

"असं चालणार नाही. तुम्ही मला खरं सांगितलंत तरच मी मदत करू शकतो."

हे वाक्य मी काउंटरवर दिवसातून दहा वेळा बोलतो. त्या दिवशी ते तोंडातून गेलं आणि मी पुढचा अर्धा तास गॉर्सला शिव्या देत उतरलो. म्हातारा हसत होता. "मेट, तुला काटे फारच लागतात."

पत्र आता आमच्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे. बायको विचारते, "सही करायला इतके दिवस? एवढं काय लिहिलंय त्यात?" मी म्हणतो, बघतो. सही केली तर माझ्या खोट्यावर अजून एक खोटं. आणि त्या सहीने वाट वाचणारही नाही, कारण शून्य उंदरांच्या लाइनला पेट्या कोण परत देईल? वाट वाचवायची तर एकच कागद उपयोगी आहे: ते आकडे खोटे होते, उंदीर तिथे कायम होते, मी त्यांना सोडत होतो. मी जे जीव वाचवले, ते रॉबिनच्या घरट्यांत शिरले. पहिल्या शीलाचं मी काय केलं ते मला या वयात नीट दिसतंय, आणि त्याचा मला राग येतो. उंदरांचा नाही, ऑफिसचा नाही, काट्यांचाही नाही.

हे लिहून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. लिहितोय तेही मराठीत, जे त्याला वाचता येत नाही. माझी हुशारी इथेही सुटत नाही.

गुरुवारी तो गोळ्या न्यायला येईल. त्याच्या आजोबांची वाट माझ्या शून्यांनी बंद पाडली, हे काउंटरच्या बाहेर येऊन, त्याच्यासमोर उभं राहून, त्याला कळेल अशा भाषेत सांगणं, एवढं देणं मी त्याला लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.